वसमतहून हैदराबाद किती लांब?

नांदेड-हैदराबाद विमान सुरू होते, त्या दिवसांतली गोष्ट. नववीच्या वर्गात भूगोलाच्या तासाला मी सहज विचारले, "वसमतहून हैदराबाद किती लांब आहे?" एकाने सांगितले, "तीनशे किलोमीटर." एक मुलगी म्हणाली, "एका रात्रीचा प्रवास." मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, विमानानं अर्ध्या तासाचं." वर्ग हसला. तो मुलगा मात्र हसला नाही. त्याच्या वडिलांना तपासणीसाठी हैदराबादला न्यायचे घरात घाटत होते. त्याने ॲटलासमध्ये पट्टी ठेवून अंतर मोजले होते, विमानाचा वेग शोधून काढला होता आणि भागाकार केला होता.

त्याचा भागाकार मी फळ्यावर तपासला. तो बिनचूक होता. तरीही उत्तर चुकीचे होते. बिनचूक भागाकारातून चुकीचे उत्तर कसे निघते, हे समजून घेण्यासाठी अंतर आणि वेळ या दोन्ही शब्दांकडे नीट पाहावे लागते. त्यानंतरचे तीन तास आम्ही तेच केले. शिक्षकमित्रांना आपापल्या गावापासून हा पाठ सहज घेता येईल, म्हणून तो येथे देत आहे.

गावाचा पत्ता : दोन आकडे

पृथ्वीवरच्या कोणत्याही गावाचा पत्ता दोन आकड्यांत सांगता येतो, अक्षांश आणि रेखांश. वसमतचा पत्ता साधारण १९ अंश २० मिनिटे उत्तर आणि ७७ अंश १० मिनिटे पूर्व असा आहे. मुंबईच्या विमानतळाचा १९ अंश ५ मिनिटे उत्तर आणि ७२ अंश ५२ मिनिटे पूर्व. दिल्ली शहराचा २८ अंश ३७ मिनिटे उत्तर आणि ७७ अंश १२ मिनिटे पूर्व. हे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहिले की मुलांच्या लगेच लक्षात येते : वसमत जवळजवळ मुंबईच्या सरळ पूर्वेला आणि दिल्लीच्या सरळ दक्षिणेला आहे. आपले गाव देशाच्या दोन मोठ्या शहरांशी असा काटकोन करते, हे वर्गातल्या कोणालाही माहीत नव्हते.

हे आकडे फुकट मिळालेले नाहीत. एकोणिसाव्या शतकात थिओडोलाइट आणि साखळ्या घेऊन त्रिकोणामागून त्रिकोण मोजत सर्वेक्षकांचे तांडे दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेले. या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्बटन १८२३ साली याच कामावर असताना आपल्या विदर्भातल्या हिंगणघाटला मरण पावला. नकाशावरच्या प्रत्येक ठिपक्यामागे असे कष्ट आहेत, हे मुलांना जरूर सांगावे.

मिनिटांचे किलोमीटर

पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. त्याला ३६० ने भागले की एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर येतात, आणि एका अंशाच्या साठाव्या भागाला, म्हणजे एका मिनिटाला, सुमारे १.८५ किलोमीटर. खलाशी आणि वैमानिक ज्याला सागरी मैल म्हणतात तो हाच. त्याची प्रमाण लांबी १,८५२ मीटर ठरलेली आहे.

दक्षिणोत्तर अंतर काढणे त्यामुळे अगदी सोपे. वसमत आणि दिल्ली यांच्या अक्षांशांतला फरक ९ अंश १७ मिनिटे, म्हणजे ५५७ मिनिटे. त्याला १.८५ ने गुणले की १,०३० किलोमीटर. झाले गणित!

पूर्व-पश्चिम अंतराला एक जादा पायरी लागते. रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांजवळ येतात, त्यामुळे रेखांशाचे एक मिनिट विषुववृत्तावर १.८५ किलोमीटरचे असले तरी आपल्याकडे ते लहान होते. किती लहान? अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे. १९ अंशांच्या आसपास कोसाइन सुमारे ०.९४४ आहे. वसमत-मुंबई रेखांशांतला फरक ४ अंश १८ मिनिटे, म्हणजे २५८ मिनिटे. २५८ गुणिले १.८५ गुणिले ०.९४४ बरोबर सुमारे ४५० किलोमीटर.

या ४५० किलोमीटरची एक खूण रोज आकाशात दिसते. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणून वसमतचा सूर्य मुंबईच्या सूर्यापेक्षा सुमारे १७ मिनिटे आधी माथ्यावर येतो. आपले घड्याळ ८२ अंश ३० मिनिटे रेखांशावर लावलेले असल्याने वसमतला माध्यान्ह सरासरीने १२ वाजून २१ मिनिटांनी होते, मुंबईला १२ वाजून ३९ मिनिटांनी. आणि दिल्लीला? वसमतबरोबरच! शाळेच्या मैदानावर एक काठी रोवून सर्वांत आखूड सावली केव्हा पडते ते मुलांना टिपू द्यावे. वर्षभरात ही वेळ सरासरीच्या पंधरा-सोळा मिनिटे मागेपुढे सरकते, तेवढी मोकळीक धरावी.

त्रिकोणाची तिसरी बाजू

आता जरा जवळचे अंतर घेऊ. वसमतहून नांदेड. नांदेडचा पत्ता १९ अंश ९ मिनिटे, ७७ अंश १८ मिनिटे. अक्षांशांत ११ मिनिटांचा फरक, म्हणजे २०.४ किलोमीटर. रेखांशांत ८ मिनिटांचा, म्हणजे १४ किलोमीटर. या झाल्या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू. पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण येतो सुमारे २५ किलोमीटर.

वर्गात लगेच गलका झाला. "सर, पंचवीस कसं? एस.टी.ला तर त्याहून जास्त लागतं!" बरोबर आहे. रस्ता गावे धरीत, ओढे-नाले टाळीत वळत जातो. रेल्वेचे तर त्याहून गमतीचे. वसमतच्या स्टेशनवर, ज्याच्या पाटीवर बसमत लिहिलेले असते, गाडीत बसलात तर नांदेडला जाण्यासाठी आधी पूर्णा जंक्शनला जावे लागते. वसमत ते पूर्णा सरळ रेषेत सुमारे २१ किलोमीटर, पूर्णा ते नांदेड सुमारे २६. बेरीज ४७, आणि रूळ अगदी सरळ धरले तरच. त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा जास्त असते, हे प्रमेय वसमतचा प्रवासी पिढ्यान्‌पिढ्या तिकिटाच्या पैशांतून सिद्ध करीत आला आहे.

विमान ही तिसरी बाजू घेते. निदान घेऊ पाहते.

सरळ म्हणजे कुठून?

पण पृथ्वी गोल आहे, मग सरळ रेषा कोणती? चेंडूवर दोन ठिपके काढून त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरला की तो ज्या मार्गावर बसतो तो सर्वांत जवळचा मार्ग. त्याला बृहद्‌वृत्ताचा कंस म्हणतात. मुंबईपर्यंतच्या अंतरात हा मार्ग आणि अक्षवृत्ताला धरून जाणारा मार्ग यांत जेमतेम दहा-बारा मीटरचा फरक पडतो, म्हणून वर आपण तो सोडून दिला. पण अंतर वाढले की गंमत होते.

मेक्सिको शहर हे वसमतच्याच अक्षवृत्तावर, जवळजवळ पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला आहे. अक्षवृत्त धरून सरळ पश्चिमेला जात राहिले तर हे अंतर सुमारे १८,५०० किलोमीटर भरते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा. तो पश्चिमेला जातच नाही! उत्तरेकडे निघतो, उत्तर ध्रुवापासून सहाशे किलोमीटरच्या आतून जातो आणि पलीकडे उतरतो. ही लांबी सुमारे १५,७०० किलोमीटर. दोन हजार आठशे किलोमीटर वाचले. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हा मार्ग मोठा वळसा घेतल्यासारखा दिसतो. त्यात दोष मार्गाचा नाही, गोल वस्तू सपाट कागदावर पसरण्याचा आहे.

अर्धा तास का नाही?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेखालची पहिली उड्डाणे सुरू झाली. त्यांत शिमला-दिल्ली आणि कडप्पा-हैदराबाद यांच्या जोडीला नांदेड-हैदराबाद हाही मार्ग होता. ट्रूजेट कंपनीची सुमारे सत्तर आसनांची, पंखे असलेली एटीआर विमाने त्यावर उडत. या जातीचे विमान वर गेल्यावर ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते.

नांदेडचा विमानतळ १९ अंश ११ मिनिटे उत्तर, ७७ अंश १९ मिनिटे पूर्व. हैदराबादचा शमशाबाद विमानतळ १७ अंश १४ मिनिटे उत्तर, ७८ अंश २६ मिनिटे पूर्व. फरक अनुक्रमे ११७ आणि ६७ मिनिटांचा. वरच्या रीतीने दोन बाजू येतात २१६ आणि ११८ किलोमीटर, आणि कर्ण सुमारे २४६ किलोमीटर. २४६ भागिले ५०० म्हणजे साडेएकोणतीस मिनिटे. आमच्या विद्यार्थ्याचा अर्धा तास तो हाच.

पण असल्या टप्प्याला विमान कंपन्या वेळापत्रकात पन्नास मिनिटे ते एक तास धरतात. बाकीची मिनिटे जातात कुठे?

पहिली गोष्ट, वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीच्या टोकापर्यंत विमान चाकांवर हळूहळू जाते, उतरल्यावर तसेच परत येते. दुसरी गोष्ट, ५०० हा वेग वर पोहोचल्यावरचा. चढताना विमानाची बरीच ताकद उंची मिळवण्यात खर्च होते, म्हणून पुढे सरकण्याचा वेग कमी असतो. उतरतानाही वेग टप्प्याटप्प्याने कमी करीत यावे लागते. तिसरी गोष्ट मुलांना फार आवडते. शमशाबादच्या धावपट्टीचे क्रमांक आहेत ०९ आणि २७. त्यांच्यापुढे एकेक शून्य लावा : ९० अंश आणि २७० अंश, म्हणजे पूर्व आणि पश्चिम. नांदेडहून येणारे विमान येते उत्तर-वायव्येकडून, पण उतरावे लागते पूर्व-पश्चिम, आणि तेही शक्यतो वाऱ्याला तोंड करून. साहजिकच वळण घेऊन धावपट्टीच्या रेषेत यावे लागते.

उदाहरणादाखल काही आकडे धरू. वळणांसह एकूण मार्ग २६१ किलोमीटर. चढायला १५ मिनिटे, सरासरी ताशी ३५० किलोमीटर, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर. उतरायला १८ मिनिटे, सरासरी ताशी ३३०, म्हणजे ९९ किलोमीटर. उरले ७४ किलोमीटर. पूर्ण वेगाने फक्त एवढेच अंतर कापायचे, त्याला ९ मिनिटे. हवेत एकूण ४२ मिनिटे. जमिनीवर जाता-येता सहा-सहा धरली की ५४ मिनिटे. ज्या वेगाच्या भरवशावर आपण भागाकार केला, तो वेग विमानाला चोपन्नांपैकी नऊच मिनिटे मिळाला!

सरळ रेषेचे समीकरण

यातून एक कामाचे सूत्र निघते. चढणे, उतरणे, वळणे आणि जमिनीवरचे चालणे यांचा जादा वेळ अंतर कितीही असले तरी साधारण सारखाच असतो. आपल्या उदाहरणात तो ५४ वजा साडेएकोणतीस, म्हणजे सुमारे २५ मिनिटे आहे. म्हणून

लागणारा वेळ = २५ मिनिटे + (अंतर ÷ वेग)

आलेख काढला तर सरळ रेषा येते, पण ती आरंभबिंदूतून जात नाही. उभ्या अक्षाला २५ वर छेदते. बीजगणितात शिकवलेल्या y = mx + c मधला c म्हणजे काय, हे विचारणाऱ्या मुलांना हे उदाहरण द्यावे. c म्हणजे हललो नाही तरी खर्च होणारा वेळ.

नांदेडहून दिल्लीच्या विमानतळापर्यंत सुमारे १,०४० किलोमीटर आहेत. जेट विमानाचा वेग ताशी ८०० धरला तर भागाकार येतो ७८ मिनिटे, आणि सूत्र सांगते १०३. येथे जादा पंचवीस मिनिटे एकूण वेळेच्या चौथ्या हिश्श्याइतकी आहेत. हैदराबादच्या प्रवासात ती जवळजवळ निम्मी होती. अंतर जितके कमी, तितका विमानाचा वेग वाया जातो.

वारा फेड करीत नाही

वाऱ्याचा विचार अजून केला नाही. विमान हवेत उडते आणि हवा स्वतःच वाहत असते. हिवाळ्यात उत्तर भारतावर खूप उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोत वाहतो. पूर्वेला जाणाऱ्या विमानाला तो ढकलतो, पश्चिमेला जाणाऱ्याला अडवतो. मुले म्हणतात, जाताना फायदा आणि येताना तोटा, म्हणजे हिशेब बरोबरीत.

करून पाहू. अंतर १,००० किलोमीटर, विमानाचा वेग ८००, वारा १००. जाताना वेग ९००, वेळ ६६.७ मिनिटे. येताना ७००, वेळ ८५.७ मिनिटे. बेरीज १५२.४. वारा नसता तर १५० मिनिटे. दोन-अडीच मिनिटे गेलीच! कारण फायद्याचा वारा थोडा वेळ भेटतो आणि तोट्याचा जास्त वेळ. ये-जा मिळून वारा नेहमी तोट्याचाच, हे बीजगणिताने सिद्ध करणे दहावीच्या मुलांना जमते.

दारापासून दारापर्यंत

तरीही मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न सुटलेला नव्हता. आजारी माणूस विमानतळावर राहत नाही आणि दवाखानाही धावपट्टीच्या कडेला नसतो. म्हणून आम्ही शेवटचा हिशेब फळ्यावर मांडला. घरातून निघून नांदेडच्या विमानतळावर पोहोचायला सव्वा तास. तिथे आधी हजर राहायचे दीड तास. विमानाचे ५४ मिनिटे. उतरून सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. शमशाबाद शहराबाहेर आहे, तिथून दवाखान्यापर्यंत एक तास. बेरीज पाच तास नऊ मिनिटे.

वसमत ते हैदराबाद शहर हे सरळ अंतर सुमारे २५७ किलोमीटर भरते. पाच तास नऊ मिनिटांनी भागले तर सरासरी वेग येतो ताशी ५०. वर्गात क्षणभर शांतता पसरली. मग कोणीतरी म्हणाले, "हा तर एस.टी.चा वेग झाला!"

विमान निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. दिल्लीच्या प्रवासात हेच दारापासूनचे चार-सव्वाचार तास मिळवले तरी एकूण सहा तासांच्या आतच होतात, आणि रेल्वेला त्याच्या कितीतरी पट लागतात. पण तीनशे किलोमीटरच्या आतल्या प्रवासात खरा वेळ आकाशात जात नाही, जमिनीवर जातो. शिवाय विमान रोज असेलच असेही नाही. २०२२ मध्ये ट्रूजेटची उड्डाणे थांबली, २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीची विमाने नांदेडला उतरू लागली. सुरू होणे आणि थांबणे हा लहान विमानतळांचा अनुभव आहे. वसमतसारख्या गावाला विमानतळ किती जवळ, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न त्या विमानतळापर्यंतचा रस्ता कसा, हा आहे.

त्या मुलाच्या घरच्यांनी काय केले? मुलाने घरी जाऊन वहीतला हा हिशेब वडिलांना दाखवला. दोन तास खुर्चीत ताटकळण्यापेक्षा पडून जाता येईल, म्हणून त्यांनी गाडी ठरवली आणि पहाटे निघाले. दुपारच्या आत तपासणी झाली. विमानात बसायचे राहिले याची हळहळ मुलाला वाटली असणार. पण निर्णय अंदाजावर न घेता आकड्यांवर घेतला गेला, आणि ते आकडे त्याने मांडले होते.

आणखी एक सरळ रेषा

रस्त्याचे अंतर झाले, दोऱ्याचे झाले. आता एक तिसरेही अंतर आमच्या जिल्ह्यात शिरत आहे. वसमतशेजारच्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारायला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. काटकोनात पसरलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असे तिचे स्वरूप आहे. अशा दोन वेधशाळा अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन येथे आहेत. त्यांच्यात सुमारे ३,००० किलोमीटर अंतर असून प्रकाशाच्या वेगाने ते कापायला १० सहस्रांश सेकंद लागतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर सापडली तेव्हा ती लिव्हिंगस्टनला हॅनफर्डपेक्षा सुमारे ७ सहस्रांश सेकंद आधी पोहोचली होती. एवढ्या फरकावरून ती आकाशाच्या कोणत्या भागातून आली याचा अंदाज बांधता आला.

या लहरींना पृथ्वीचा अडथळा होत नाही. त्या पृथ्वीच्या पोटातून आरपार जातात, म्हणून त्यांच्यासाठी अंतर म्हणजे वर्तुळाचा कंस नव्हे, त्याची जीवा. औंढ्यापासून हॅनफर्ड दोऱ्याने मोजले तर सुमारे १२,५०० किलोमीटर, आणि पृथ्वीतून आरपार सुमारे १०,६०० किलोमीटर. त्याला जास्तीत जास्त ३५ सहस्रांश सेकंद लागतील. वेधशाळा एकमेकींपासून जितक्या दूर, तितका वेळेतला फरक मोठा आणि दिशा तितकी नेमकी. प्रवाशाला जे अंतर जाचते तेच येथे शास्त्रज्ञांच्या उपयोगाचे.

वर्गात करून पाहा

१. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश ॲटलासमधून काढा. जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतचे सरळ अंतर काढून एस.टी.च्या अंतराशी त्याचे गुणोत्तर काढा. हे गुणोत्तर कोणत्या गावाला सर्वांत मोठे येते, आणि मध्ये नदी, डोंगर की धरण आहे ते शोधा.

२. पृथ्वीगोल नसेल तर एखादे मोठे फळ घ्या. त्यावर विषुववृत्त, ध्रुव आणि दोन गावे काढून दोरा ताणा.

३. विमान आणि मोटार यांचा दारापासून दारापर्यंतचा वेळ किती किलोमीटरला सारखा होतो? वरचे सूत्र वापरून दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढा. त्या जिथे छेदतील तो बिंदू तुमच्या गावापुरता खरा. दुसऱ्या गावाचा बिंदू वेगळा येईल. का, ते मुलांनाच सांगू द्या.